वॉल्टर श्लॉस (१९१६–२०१२) : एक सैनिक, आणि ब्याण्णव जणांच्या पैशाचा राखणदार

ताळेबंद

आज १९ फेब्रुवारी. शिवजयंतीच्या मिरवणुकीमुळे आमचे कार्यालय बंद आहे, आणि फार दिवस मनात घोळत असलेले हे टिपण या मंचावर लिहायला त्यामुळे सवड मिळाली. २०१२ साली याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गुंतवणूकदार वॉल्टर श्लॉस यांचे ९५व्या वर्षी निधन झाले. शेअर बाजारात रस असलेल्या मराठी वाचकाला अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे ठाऊक असतात, त्यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम हेही ऐकून माहीत असतात. ग्रॅहम यांच्या गंडाबंद शिष्यांपैकी बफे यांच्याही आधीचे असलेले श्लॉस मात्र आपल्याकडे फारसे कोणाला परिचित नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्यांत निवृत्त सैनिक पुष्कळ असतात. ऐन चाळिशीच्या आतबाहेर माणूस पलटणीतून सुटून घरी येतो, हातात एकरकमी पैसा पडतो, आणि मग त्याच्याभोवती कोण कोण गोळा होते हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच स्वतः युद्धावरून परतलेल्या आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक इतरांचा पैसा सांभाळणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

श्लॉस यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१६चा, न्यूयॉर्कचा. तेराव्या वर्षी त्यांनी १९२९ची शेअर बाजाराची पडझड पाहिली आणि त्यांची सगळी उमेदीची वर्षे महामंदीत गेली. महाविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत. १९३४ साली, अठराव्या वर्षी, वॉल स्ट्रीटवरच्या कार्ल एम. लोब अँड कंपनी या पेढीत ते 'रनर' म्हणून लागले. एका पेढीचे रोखे आणि कागद दुसऱ्या पेढीत हातोहात नेऊन देणे हे रनरचे काम. शेअरची प्रमाणपत्रे कागदी होती तोवर दलाल स्ट्रीटवरही अशी पोरे बगलेत पाकिटे मारून दिवसभर धावत असत. पुढे त्यांनी कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्या विभागात जागा मागितली. पेढीचे भागीदार आर्मंड अर्फ यांनी जागा काही दिली नाही, पण ग्रॅहम आणि डॉड यांचे त्याच सुमारास निघालेले 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' वाचायला सांगितले. ते पूर्ण पचवलेस तर आणखी काही वाचायची गरज पडणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या पुस्तकामुळे श्लॉस ग्रॅहम यांच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसले. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या प्रशिक्षण संस्थेत हे वर्ग भरत, आणि दिवसभर पेढीवर राबलेली माणसे तेथे येऊन बाजारातल्या ताज्या उदाहरणांवर ग्रॅहम यांचे विवेचन ऐकत.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि श्लॉस सैन्यात भरती झाले. ते सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दळात होते आणि त्यांची नेमणूक इराणात झाली. इराण हे त्या युद्धातले दुर्लक्षित पण कळीचे ठाणे होते. जर्मनीशी झुंजणाऱ्या सोव्हिएत रशियाला ट्रक, दारूगोळा आणि धान्य पोहोचवायचे, तर उत्तरेकडचा बर्फाळ सागरी मार्ग जर्मन पाणबुड्यांमुळे जीवघेणा झाला होता. तेव्हा आखातातल्या बंदरांवर माल उतरवून तो रेल्वेने आणि ट्रकने वाळवंट व डोंगर ओलांडून सोव्हिएत सीमेपर्यंत नेण्याची व्यवस्था उभी राहिली. या साऱ्या वाटेवर संदेशयंत्रणा अखंड चालू ठेवावी लागे. सैन्यातल्या या चार वर्षांत श्लॉस यांनी ग्रॅहम यांच्याशी पत्रव्यवहार मात्र तुटू दिला नाही. युद्ध संपत आले तेव्हा ग्रॅहम यांच्या पेढीतले विश्लेषकाचे पद रिकामे होत होते, आणि १९४६ साली गणवेश उतरवलेले श्लॉस त्या खुर्चीत येऊन बसले.

ग्रॅहम-न्यूमन पेढीतली त्यांची नऊ-दहा वर्षे म्हणजे खरी तालीम. त्या काळातली एक हकिकत ते पुढे सांगत. हॅलॉइड नावाची छायाचित्रणाचा कागद बनवणारी एक कंपनी होती आणि तिच्याकडे कोरड्या पद्धतीने कागदाची प्रत काढण्याच्या नव्या तंत्राचे हक्क होते. श्लॉस यांनी हिशेब मांडून दाखवला की कागदाच्या चालू धंद्याची किंमत वजा केली तर या नव्या तंत्रासाठी आपल्याला शेअरमागे थोडेच डॉलर मोजावे लागतात. ग्रॅहम यांनी ऐकून घेतले आणि हे पुरेसे स्वस्त नाही म्हणून नकार दिला. आपण आज 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो ती झेरॉक्स म्हणजे हीच हॅलॉइड. हातातून एवढे मोठे घबाड गेल्यावर दुसऱ्या एखाद्याने गुरूची रीत सोडली असती. श्लॉस यांनी ती अधिकच घट्ट धरली, कारण त्यांच्या मते आपला पिंड ओळखून चालणे हे एखादी संधी हुकण्यापेक्षा महत्त्वाचे होते.

१९५१ साली मार्शल-वेल्स या कंपनीच्या वार्षिक सभेत त्यांची आणि तरुण बफे यांची पहिली भेट झाली. पुढे १९५४ पासून बफे याच पेढीत आले आणि दोघे एका खोलीत बसू लागले. ग्रॅहम निवृत्तीच्या विचारात आहेत हे दिसल्यावर १९५५ साली श्लॉस बाहेर पडले. त्यांच्यामागे १९ माणसे उभी राहिली आणि प्रत्येकाने ५,००० डॉलर त्यांच्या हवाली केले, म्हणजे सगळे मिळून लाखाच्या आतबाहेर भांडवल. ट्वीडी-ब्राउन या पेढीच्या कार्यालयात त्यांनी एक अगदी चिंचोळी जागा भाड्याने घेतली आणि काम सुरू केले.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा धागा काढला ती सांगतो. श्लॉस यांनी व्यवस्थापनाचे शुल्क म्हणून एक सेंटही कधी घेतला नाही. नफा झाला तर त्यातला चौथा हिस्सा त्यांचा, आणि तोटा झाला तर तो भरून निघेपर्यंत त्यांना काहीही मिळत नसे. पत्नी, मुले, घर असलेला, नोकरी सोडून आलेला माणूस स्वतःच्या चुलीवर हे बंधन घालून घेतो, तेव्हा त्याने दुसऱ्याच्या मुद्दलाला स्वतःच्या भाकरीएवढी किंमत दिलेली असते.

बफे यांनी १९८४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या भाषणात श्लॉस यांचे आकडे मांडले होते. १९५६ पासून सव्वा अठ्ठावीस वर्षांत न्यूयॉर्क बाजाराचा एस अँड पी निर्देशांक लाभांश धरून वर्षाला सरासरी ८.४ टक्क्यांनी वाढला, श्लॉस यांच्या भागीदारीची एकूण वाढ २१.३ टक्के होती, आणि त्यांचा चौथा हिस्सा वजा जाता भागीदारांच्या पदरात १६.१ टक्के पडले. टक्क्यांवरून अंदाज येत नाही, म्हणून सोपे करून सांगतो. पहिल्या दिवशीचे ५,००० डॉलर ज्याने न हलवता ठेवले, त्याचे १९८४ साली सुमारे ३,३९,००० डॉलर झाले. निर्देशांकात ठेवले असते तर सुमारे ४९,००० झाले असते.

आणि हे सगळे कशाच्या जोरावर? १९७३ साली मुलगा एडविन येऊन मिळाला तोवर ते एकटे होते, आणि नंतर दोघेच. ना सचिव, ना कारकून, ना हिशेबनीस. बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या २००६च्या आपल्या वार्षिक पत्रात श्लॉस यांच्या नव्वदीनिमित्त लिहिताना नोंदवले की १९५६ साली त्यांच्या कार्यालयात कागदपत्रांचे एक कपाट होते आणि २००२ पर्यंत त्यांची संख्या चारवर गेली. सकाळी साडेनऊला यायचे, साडेचारला घरी जायचे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि छापील माहितीपत्रके एवढेच त्यांचे साहित्य. कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटायला ते फारसे जात नसत, कारण गोड बोलणाऱ्या माणसाचा आपल्यावर परिणाम होतो हे ते जाणून होते.

त्यांच्या आठवणी, किंवा सैन्यातून या व्यवसायात आलेल्या अशा आणखी कोणाची माहिती असल्यास सभासदांनी जरूर लिहावे.

जुना_सिग्नलर

लेख दोनदा वाचला. मी स्वतः सिग्नल्समध्ये होतो. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरपासून सुरुवात केली आणि चोवीस वर्षांनी हवालदार म्हणून घरी आलो. अमेरिकेतल्या एका नामांकित गुंतवणूकदाराने आपल्याच कामाचा बिल्ला लावला होता हे वाचून छाती भरून आली.

सिग्नलच्या माणसाचे एक सांगतो. संदेश आपल्या हातातून जातो, पण तो आपला नसतो. त्यातले एक अक्षर इकडचे तिकडे करायचे नाही, तो कोणाला सांगायचा नाही, आणि पलीकडून पोहोचल्याची पावती आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रात्री दोन वाजता कानाला हेडफोन लावून बसलेल्या पोराला हे कोणी सारखे बजावत नाही, ते अंगात मुरते. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून जशीच्या तशी पार पडली पाहिजे ही जी सवय, ती मला या माणसाच्या पैशाच्या व्यवहारात दिसली.

एक विचारायचे आहे. 'स्वस्त' म्हणजे नेमके किती, हे ते कसे ठरवत? भाव पडलेला प्रत्येक शेअर तर स्वस्त नसतो.

ताळेबंद

@जुना_सिग्नलर, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. ग्रॅहम यांची जुनी रीत उदाहरणाने सांगतो.

समजा, एका कारखान्याच्या बँकेतली रोकड २० कोटी आहे, आणि गोदामातला माल व गिऱ्हाइकांकडून येणे मिळून आणखी ४० कोटी. हे झाले ६० कोटी, जे वर्षभरात रोख होऊ शकतात. आता त्या कारखान्याचे झाडून सगळे देणे, बँकेचे, पुरवठादारांचे, कामगारांचे, मिळून २४ कोटी. ते वजा केले की ३६ कोटी उरले. कंपनीचे एक कोटी शेअर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६ रुपये. यात जमीन, इमारत, यंत्रे, नाममुद्रा यांचा एक रुपयाही धरलेला नाही. ग्रॅहम म्हणत, असा शेअर या रकमेच्या दोन-तृतीयांशात, म्हणजे २४ रुपयांना मिळाला तर घ्या. उद्या कंपनीला टाळे लागले तरी तुमचे मुद्दल बहुधा निघेल, आणि कारखाना वर फुकट.

युद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत असे शेअर मिळत. पुढे ते दुर्मीळ झाले, तेव्हा श्लॉस पुस्तकी मूल्याकडे वळले, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरते त्याच्या आसपास किंवा खाली मिळणाऱ्या कंपन्या पाहू लागले. कर्ज कमी आहे का, संचालकांचे स्वतःचे शेअर आहेत का, कंपनी बरीच वर्षे टिकून आहे का, आणि भाव गेल्या काही वर्षांच्या नीचांकाजवळ आहे का, एवढे बघत. घेताना एकदम घेत नसत. थोडे घ्यायचे, आणखी पडला तर आणखी घ्यायचे. मग चार-पाच वर्षे थांबायची तयारी. मार्च १९९४ मध्ये त्यांनी शेअर बाजारात पैसे मिळवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी एका पानावर टंकलिखित केल्या होत्या, एकूण १६ मुद्दे. पहिलाच मुद्दा असा, की मूल्याच्या तुलनेत किंमत हीच सर्वांत महत्त्वाची. कर्जाच्या पैशाने खेळू नये, कानगोष्टींवरून घेऊ नये, वाईट बातमी आली म्हणून घाईने विकू नये, हेही त्यात आहे.

मुद्दल_व_व्याज

लेख चांगला आहे, मात्र तीन बाबतींत माझे म्हणणे वेगळे आहे.

पहिले, श्लॉस हे रूढ अर्थाने सल्लागार नव्हते. सल्लागार काय घ्यावे ते सांगतो आणि निर्णय गिऱ्हाइकाचा असतो. श्लॉस स्वतःच खरेदी-विक्री करत, आणि भागीदारांना कोणते शेअर घेतले आहेत हे सांगतही नसत. दुसरे, एका वेळी शंभर-शंभर कंपन्यांचे शेअर बाळगणारा माणूस प्रत्येक कंपनी किती खोलात जाऊन ओळखत असेल? तिसरे, आपल्याकडे आज कोणी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार नफ्यात चौथा हिस्सा घेऊ म्हणाला तर नियम त्याला आडवे येतील. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'च्या २०१३च्या नियमावलीप्रमाणे सल्लागाराचे शुल्क एकतर ठरावीक असते किंवा सल्ल्याखालच्या रकमेच्या प्रमाणात. नफ्यातला वाटा घेण्याची सोय पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने त्याची गुंतवणूक सांभाळणाऱ्या सेवेत, आहे, पण तिथे किमान ५० लाख रुपये लागतात. तेव्हा निवृत्त हवालदाराला श्लॉस यांचे उदाहरण देऊन त्याच्या हाती काय लागणार, हा माझा प्रश्न आहे.

ताळेबंद

@मुद्दल_व_व्याज, पहिला मुद्दा मान्य. कायद्याच्या भाषेत ते भागीदारीचे व्यवस्थापक होते. १९४०च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे अशा खासगी भागीदारीत शंभरांपेक्षा अधिक गुंतवणूकदार घेता येत नसत आणि त्यांचे भागीदार ९२ होते. परंतु या माणसांशी त्यांचे नाते सल्लागाराचेच होते, कारण त्यांच्यातल्या अनेकांची जन्माची पुंजी तिथे होती आणि ती कुठे ठेवावी हा निर्णय त्यांनी एका माणसावर सोपवला होता. शेअरची नावे न सांगण्यामागे लपवाछपवी नव्हती. कालपर्यंत पडणारा शेअर आज आपल्या नावावर आहे हे कळले की माणूस रोज भाव पाहतो, घाबरतो आणि विकायला सांगतो. ते ओझे भागीदारांच्या डोक्यावर नको, अशी त्यांची भूमिका होती.

शंभर कंपन्यांबद्दल खुद्द बफे यांनी त्या १९८४च्या भाषणात लिहिल्यासारखे स्पष्ट सांगितले आहे. श्लॉस यांनी तोवर ८०० हून अधिक कंपन्यांचे शेअर घेतले होते, आणि त्या धंद्यांच्या अंतरंगात बफे यांना जेवढा रस, त्यापेक्षा श्लॉस यांना फारच कमी. बफे मूठभर कंपन्या निवडून त्यांत खोल उतरत. श्लॉस यांना आपली ती ताकद नाही हे माहीत होते, म्हणून त्यांनी चूक होणार हे धरूनच पेरणी केली, जशी कोरडवाहू शेतकरी एकाच वाफ्यावर सगळे बियाणे लावत नाही. त्याच भाषणात बफे यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की आपण दुसऱ्यांचा पैसा हाताळतो आहोत याचा श्लॉस यांना कधी विसर पडत नाही आणि मुळातच असलेली नुकसानाची नावड त्यामुळे आणखी तीव्र होते. मला त्यांच्या सगळ्या कर्तृत्वाची किल्ली या वाक्यात दिसते.

तिसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, पण आधी इतरांचे वाचू द्या.

नीराकाठची

एरवी मी या विभागात फक्त वाचते. 'मुद्दल_व_व्याज' यांचा तिसरा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले, कारण त्याचे उत्तर आमच्या घरातल्या एका पेटीत आहे.

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सैन्यातल्या माणसाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, म्हणजे पंधरा वर्षांच्या कपातीच्या बदल्यात एकरकमी पैसा मिळतो. वडिलांनी तशी पेन्शन विकली. त्यात भविष्य निर्वाह निधीचे आणि गटविम्याचे पैसे मिळून आमच्या घराने कधी पाहिली नव्हती एवढी रक्कम आली. दोन महिन्यांच्या आत एक गृहस्थ घरी येऊ लागले. तेही एकेकाळचे सैनिकच, आता विम्याचे काम करणारे. ते वडिलांना 'साहेब' म्हणत, पलटणीच्या गोष्टी काढत, आईच्या हातचा चहा घेत. वडिलांनी त्यांना प्रश्न विचारला नाही. आपल्यातला माणूस आहे, एवढे त्यांना पुरे होते. त्या वर्षात वडिलांच्या नावावर पाच पॉलिसी झाल्या आणि प्रत्येकीचा हप्ता दरवर्षी भरायचा होता. तिसऱ्या वर्षी माझ्या लग्नाच्या वेळी पैसे लागले तेव्हा कळले की आता बंद केल्या तर भरलेल्यातले बरेचसे परत मिळणार नाही.

वडिलांची नाव-नंबर घातलेली काळी पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे. पांढऱ्या रंगाची अक्षरे पुसट झाली आहेत, कडीला गंज चढला आहे. आत सर्वांत वर पदके, त्याखाली गणवेशाची घडी, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत त्या पाच पॉलिसींचे कागद. वडील गेल्यावर मी ते कागद घेऊन बसले आणि पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला केवढा वाटा दलालीत जातो हे मला प्रथमच समजले. त्या गृहस्थांना आमचे पैसे वाढले काय आणि बुडाले काय, काही फरक पडणार नव्हता. त्यांचे मिळायचे ते पहिल्याच वर्षी मिळून गेले होते.

म्हणून श्लॉस यांच्या चौथ्या हिश्श्याविषयी वाचताना मला आकड्यांचे नवल वाटले नाही. माझ्या वडिलांच्या नशिबी असा माणूस आला असता, एवढेच मनात आले.

जुना_सिग्नलर

@नीराकाठची ताई, तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगावासा वाटतो. आमच्या गावात असे एक घर नाही, किमान पंधरा घरे आहेत. गणवेशातल्या माणसाला हुकूम आणि विश्वास या दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात. सोबतच्या माणसावर विसंबल्याशिवाय बर्फात एक रात्र निघत नाही. तोच विश्वास घरी आल्यावर आपण जसाच्या तसा बाहेरच्याला देतो.

ग्रहणछाया

धागाकर्त्यांनी आणखी कोणाची माहिती विचारली आहे, म्हणून फिलिप कॅरेट यांच्याविषयी थोडे लिहितो. जन्म १८९६, मृत्यू १९९८, म्हणजे १०१ वर्षांचे आयुष्य. हार्वर्डमधून १९१७ साली पदवी घेतली आणि पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराचे वैमानिक झाले. योगायोग असा की १९१८च्या मध्यापर्यंत अमेरिकेचे लष्करी विमानदळ सिग्नल कोअरचाच भाग होते. परत आल्यावर त्यांनी काही काळ आर्थिक पत्रकारिता केली, १९२८ साली, म्हणजे पडझडीच्या केवळ वर्षभर आधी, पुढे पायोनियर या नावाने ओळखला गेलेला म्युच्युअल फंड सुरू केला, आणि तो ५५ वर्षे, १९८३ पर्यंत, स्वतः सांभाळला. महामंदी, दुसरे महायुद्ध, सत्तरच्या दशकातली तेलटंचाई, सगळे त्यांनी त्याच खुर्चीतून पाहिले. त्यानंतरही त्यांनी स्वतःची सल्लागार पेढी चालवली आणि नव्वदी उलटल्यावरही ते कामावर जात.

त्यांना खग्रास सूर्यग्रहणांचा नाद होता आणि ती पाहण्यासाठी ते जगभर प्रवास करत. मलाही हे वेड आहे. १६ फेब्रुवारी १९८०चे खग्रास ग्रहण मी वडिलांचा हात धरून कारवारच्या किनाऱ्यावर पाहिले होते. तीन मिनिटांच्या काळोखासाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या माणसाला शेअरसाठी पाच वर्षे थांबणे जड जात नसावे.

फिलिप फिशर यांचेही नाव घ्यायला हवे. १९३१ साली, ऐन मंदीत, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सल्लागार पेढी काढली आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानदळाच्या कचेरीत काम करून आल्यावर ती पुन्हा उभी केली. त्यांची रीत श्लॉस यांच्या अगदी उलट होती. ते अधिकाऱ्यांना भेटत, खोदून खोदून विचारत, आणि थोड्याच कंपन्या वर्षानुवर्षे बाळगत.

पाचवड

इराणचा उल्लेख आला म्हणून एक भर. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात शिरल्या तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने उतरलेल्या फौजेत मोठा भाग हिंदी सैनिकांचा होता, आणि पुढे इराण-इराकमधल्या 'पैफोर्स' या ब्रिटिश लष्करी विभागातही हिंदी पलटणी होत्या. माझे आजोबा त्या मुलखात दोन उन्हाळे होते. ते फक्त तिथल्या धुळीविषयी आणि खजुराविषयी बोलत. श्लॉस याच सुमारास त्याच वाटेवर होते हे मला आज समजले.

ताळेबंद

सर्वांचे आभार, आणि नीराकाठची ताईंचे विशेष. आता 'मुद्दल_व_व्याज' यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

निवृत्त हवालदाराने श्लॉस यांची शेअर निवडण्याची पद्धत उचलावी असे मी मुळीच म्हणणार नाही. ताळेबंद वाचायला वर्षे जातात, आणि ज्याच्या पैशावर मुलीचे शिक्षण नि घराचा स्लॅब अवलंबून आहे त्याने ते पैसे पडलेल्या शेअरांत घालून पाच वर्षे थांबणे योग्य नव्हे. त्याने श्लॉस यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की समोर बसलेल्याला त्याची मिळकत कुठून येते हे तोंडावर विचारायचे. माझ्या पैशातून तुम्हाला काय मिळते, केव्हा मिळते, आणि माझे नुकसान झाले तर तुमचे काय जाते? 'सेबी'च्या आजच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागार ज्याच्याकडून शुल्क घेतो त्याच गिऱ्हाइकाच्या गुंतवणुकीवर वितरणाची दलाली घेऊ शकत नाही, आणि नोंदणी क्रमांक मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हा प्रश्न विचारल्याने ज्याला राग येतो त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

श्लॉस यांच्या निरोपाविषयी लिहायचे राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार इतका चढला की त्यांच्या मापाने स्वस्त म्हणावे असे काही सापडेना. एडविन यांनी ते वडिलांना सांगितले, आणि वडिलांनी ठरवले की मग थांबू या. ८०च्या पुढे वय, नाव मोठे, पैसे द्यायला माणसे रांगेत. तरीही त्यांनी भागीदारांचा पैसा मोजून परत केला. जिथे शुल्क रकमेवर मिळते तिथे रक्कम परत करणे म्हणजे आपल्या पोटावर पाय. ज्याची मिळकत फक्त नफ्यातून येते त्याला नफ्याची वाट दिसेनाशी झाल्यावर पैसा धरून ठेवण्याचे कारणच उरत नाही. त्यांनी आखलेली व्यवस्था अखेरच्या दिवसापर्यंत त्यांना सरळ ठेवत होती, असे मला वाटते.

@जुना_सिग्नलर, लष्कराने त्यांना घडवले का, यावर तुम्ही लिहिले ते मला पटते, तरी ते त्यांच्या तोंडी घालायला मी धजणार नाही. रनर म्हणून दुसऱ्यांचे रोखे हातोहात पोहोचवण्याचे काम त्यांनी सैन्यात जाण्यापूर्वीच केले होते. ती सवय आधीची असेल आणि इराणात पक्की झाली असेल.

जुना_सिग्नलर

पटले. पुढच्या रविवारी आमच्या गावात माजी सैनिकांची बैठक आहे, मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात, सकाळी दहाला. यंदा चार जण सुटून आले आहेत, त्यांतल्या दोघांच्या पेन्शनविक्रीचे पैसे गेल्या आठवड्यात जमा झाले. तुम्ही म्हणालात ते १६ मुद्द्यांचे पान मराठीत करून आणाल का? आणि ताईंना विचारतो, त्यांच्या वडिलांची हकिकत नाव न घेता सांगितली तर चालेल का?

नीराकाठची

चालेल. नाव घेतले तरी चालेल. कागद हवे असतील तर पेटीतून काढून आणते, नीरेहून एसटी सकाळी सहाला आहे.

ताळेबंद

येतो. भाषांतर शनिवारी रात्रीपर्यंत करतो, पन्नास प्रती काढून आणतो.